आचार्य धर्मानंद कोसंबी : अवघड काळात स्थिर राहिलेला साधक



आपल्या वार्तापत्रात आपण थोरामोठ्यांची चरित्रे देत असतो. या वेळी कोणाची निवड करावी यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. परीक्षेचे दडपण, घरातील आजारपण, वडिलांच्या कारखान्यातील कामाची अनिश्चितता अशा गोष्टी मुले हल्ली शिक्षकांशी मोकळेपणाने बोलू लागली आहेत. २०२० सालच्या टाळेबंदीत कारखाने थांबले आणि भाड्याच्या खोल्यांतून माणसे सामान डोक्यावर घेऊन गावाकडे निघाली, ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. अशा वेळी मन ताळ्यावर कसे ठेवावे हे ज्याच्या आयुष्यातून शिकता येईल, असे कोणीतरी आम्हाला हवे होते. शेवटी सर्वांच्या मते एक नाव ठरले : आचार्य धर्मानंद कोसंबी.

आपल्या शाळेत बुद्धवंदना म्हणणाऱ्या घरांतील मुले आहेत, हरिपाठ म्हणणाऱ्या घरांतील आहेत आणि वारली, कोकणा घरांतीलही आहेत. कोसंबींचे चरित्र या सर्वांचे आहे. महाराष्ट्राला बुद्धाची मूळ वाणी मराठीतून समजावून सांगणाऱ्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. शिवाय आपल्याशी त्यांचे एक जुने नातेही आहे. ज्या पोर्तुगीज राजवटीखाली आपली सिल्वासा २ ऑगस्ट १९५४ पर्यंत होती, त्याच राजवटीखालील गोव्यात त्यांचा जन्म झाला.

बालपण आणि एक लेख

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळ नाव धर्मा. वडिलांचे नाव दामोदर. घरची नारळाची बाग होती, पण पैशाची ओढाताण कायमची. धर्मा प्रकृतीने नाजूक होता. गावातील मराठी शाळेत जेमतेम शिक्षण झाले आणि मग बागेची देखरेख त्याच्याकडे आली. आज ज्यांना आपण आचार्य म्हणतो, त्यांच्याजवळ शाळेची मोठी इयत्ता नव्हती, पदवी तर नव्हतीच, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. संसार सुरू झाला, पण मन लागेना. आपण काहीच करत नाही, आपले आयुष्य वाया चालले आहे, असे त्यांना सारखे वाटे. या उदासीनतेत मराठी पुस्तकांनी त्यांना हात दिला. तुकोबांचे अभंग ते वाचत. पुढे मुलांसाठी निघणाऱ्या 'बालबोध' या मासिकात गौतम बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. दुःखाला कारण असते आणि त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग असतो, असे सांगणारा हा पुरुष त्यांना आपला वाटला. या बुद्धाचा धर्म मुळापासून शिकायचा, असा ध्यास त्यांनी घेतला.

मुलांच्या मासिकातील एका लेखाने एका माणसाचे आयुष्य बदलले. आपले हे चार पानांचे वार्तापत्र काढताना आम्हाला ही गोष्ट फार धीर देते.

घर सोडले

१८९९ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस, मुलगी तान्ही असताना, धर्मानंद घर सोडून निघाले.

इथे आम्ही थोडे थांबतो, कारण याच प्रसंगावर आमच्यात मतभेद झाले. काहींचे म्हणणे होते की ज्ञानासाठी केलेला हा मोठा त्याग आहे. काहींनी, विशेषतः आमच्यातील भगिनींनी, विचारले की मागे राहिलेल्या बाळाबाईंचे काय? लहान गावात, लोकांची बोलणी ऐकत, तान्ह्या मुलीला वाढवणाऱ्या त्या बाईचा त्याग कोणी मोजला? हा प्रश्न योग्य आहे आणि चरित्र लिहिताना तो झाकून ठेवू नये, असे आमचे एकमत झाले. स्वतः कोसंबींनीही तो झाकला नाही. आपल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी आपली चंचलता आणि आपल्या चुका प्रांजळपणे लिहिल्या आहेत. हे पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या माणसाची चूक सांगितली म्हणजे तो लहान होत नाही, हे मुलांना कळावे म्हणून आम्ही हा भाग मुद्दाम ठेवला आहे.

काशी, नेपाळ, लंका, ब्रह्मदेश

प्रथम ते पुण्याला गेले. पाली शिकायची तर आधी संस्कृत यायला हवे. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली आणि मार्गदर्शन मिळाले. पुढे ग्वाल्हेर करत ते काशीला पोहोचले. जवळ पैसे नव्हते. अन्नछत्रात जेवायचे, अपुऱ्या कपड्यांत उत्तरेची थंडी काढायची आणि शास्त्रीबुवांपुढे बसून व्याकरण घोकायचे, असा दिनक्रम होता. पाठ करताना शेजारी बसलेली मुले त्यांच्याहून लहान असत. वयाने मोठे होऊन पहिल्या धड्यापासून सुरुवात करण्याची लाज त्यांनी बाळगली नाही.

१९०२ साली बौद्ध धर्म शिकायला मिळेल या आशेने ते नेपाळला गेले. तिथे जे पाहिले त्याने निराशा झाली. इतके कष्ट करून यावे आणि हाती काही लागू नये, अशा वेळी कोणीही परत फिरला असता. कोसंबी बुद्धगयेला गेले. पाली ग्रंथ शिकायचे तर श्रीलंकेला जावे लागेल, असे तिथे त्यांना समजले. मग कलकत्ता आणि तिथून कोलंबो. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्य नावाचे थोर महास्थविर होते. त्यांच्याजवळ धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास सुरू केला.

विद्यार्थ्यांसाठी एक गंमत सांगतो. पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये तिथल्या लिपीत. त्यामुळे एक भाषा शिकायला कोसंबींना अनेक लिप्या शिकाव्या लागल्या. आपल्याकडे मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी अशा चार भाषांनी मुले कंटाळतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

श्रीलंकेनंतर ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये गेले. तिथे त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली आणि एकांतात राहून ध्यानाचा अभ्यास केला. पुढे भारतात परतून बुद्धाच्या पवित्र स्थानांची यात्रा केली.

त्यांनी शिकलेली साधना

ही साधना म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पुढे १९२५ साली 'समाधिमार्ग' हे पुस्तक लिहून कोसंबींनी ती मराठी वाचकांना समजावून दिली.

तिचा एक प्रकार म्हणजे आनापानस्मृती. आन म्हणजे आत येणारा श्वास, अपान म्हणजे बाहेर जाणारा श्वास आणि स्मृती म्हणजे जागरूकता. शांत बसून आपला श्वास येतो कसा, जातो कसा, एवढेच पाहायचे. श्वास मुद्दाम दीर्घ करायचा नाही की रोखायचा नाही. मन भटकते, कालच्या भांडणात किंवा उद्याच्या परीक्षेत जाते. ते गेले की त्याच्यावर न रागावता त्याला पुन्हा श्वासावर आणायचे. शंभर वेळा गेले तर शंभर वेळा आणायचे. सारा अभ्यास त्या परत आणण्यात आहे.

दुसरा प्रकार म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना. मैत्री म्हणजे सर्वांचे भले व्हावे ही इच्छा. करुणा म्हणजे दुःखी माणसाचे दुःख दूर व्हावे असे वाटणे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या यशाचा आनंद, जो वर्गात पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत फार कठीण जातो. उपेक्षा या शब्दाने मात्र मराठीत घोटाळा होतो. आपण उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष समजतो. इथे तिचा अर्थ समतोल असा आहे. सुख आले म्हणून उड्या मारायच्या नाहीत आणि दुःख आले म्हणून खचायचे नाही. जे समोर आहे त्याच्याकडे पाठ न फिरवता स्थिरपणे पाहायचे.

मैत्रीची भावना करताना सुरुवात स्वतःपासून करतात. मग आवडता माणूस, मग ज्याच्याशी आपले बरे ना वाईट असा माणूस आणि शेवटी ज्याच्याशी वैर आहे तो. वैऱ्यापासून सुरुवात केली तर जमत नाही, हे जुन्या आचार्यांना ठाऊक होते.

परत संसारात

१९०६ साली कोसंबी कलकत्त्यास आले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. नव्याने निघालेल्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवायला कोणी नव्हते. भिक्षू राहून हे काम नीट करता येणार नाही, असे पाहून त्यांनी चीवर उतरवले आणि अध्यापक झाले. सुमारे सात वर्षांनी त्यांची आणि बाळाबाईंची पुन्हा भेट झाली. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना मुलगा झाला. आजोबांचे दामोदर हेच नाव त्याला ठेवले. हाच मुलगा पुढे थोर गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी म्हणून जगाला माहीत झाला.

साधना करायची तर संसार सोडला पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. तरुणपणी धर्मानंदांनाही तसेच वाटले होते. पण पुढचे सारे आयुष्य त्यांनी वर्गात, ग्रंथांत, कुटुंबात आणि लोकांत राहून काढले.

कलकत्ता विद्यापीठातही त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले होते. पण आपण शिकलो ते महाराष्ट्राला द्यावे, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी ही तळमळ ओळखली. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे, या अटीवर त्यांनी दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्याचे वेतन याहून जास्त होते. कोसंबींनी ते सोडले आणि ५० रुपये स्वीकारले. त्यातून पुढे मराठीला 'बुद्ध, धर्म आणि संघ', 'बुद्धलीलासारसंग्रह' अशी पुस्तके मिळाली. मराठी शाळेत मुलाला घालून त्याचे पुढे काय होणार, असे काही पालक आम्हाला विचारतात. त्यांच्यासाठी ही हकिकत आम्ही थोडी सविस्तर लिहिली आहे. आपली भाषा बोलणाऱ्यांना ज्ञान मिळावे म्हणून कमी पगार पत्करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत.

चाळीस वर्षांचा एक ग्रंथ

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा यांचे विवेचन त्यात आहे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन विद्वानाने त्याच्या हस्तलिखितांवर काम केले, पण १८९९ साली त्यांचे निधन झाले. ते अपुरे काम पुरे करण्यासाठी प्रोफेसर लॅनमन यांना पाली जाणणारा पंडित हवा होता. गोव्याच्या खेड्यातील, पदवी नसलेला माणूस हार्वर्डला गेला.

तिथे सारे गोड झाले नाही. ग्रंथाच्या संपादनाचे श्रेय कसे द्यायचे यावरून लॅनमन यांच्याशी त्यांचे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परतले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी सहा वर्षे पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे पुढे नाव मिळवलेले विद्वान त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१८ साली ते पुन्हा अमेरिकेला गेले, तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना बरोबर नेले. तान्हेपणी जिला मागे सोडले होते, त्या मुलीला शिक्षणासाठी त्यांनी सातासमुद्रापार नेले. ज्या काळात मुलींना चौथीच्या पुढे शिकवणेही पुष्कळांना जड वाटे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

विसुद्धिमग्गासाठी त्यांनी अमेरिकेच्या चार फेऱ्या केल्या. देवनागरी लिपीतील त्यांची आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० साली. काम हाती घेतल्याला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती आणि कोसंबी हयात नव्हते.

लोकांच्या दुःखात

१९२२ ते १९२५ या काळात महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. मुंबई-अहमदाबाद रेल्वे आपल्या वापीवरूनच जाते. म्हणजे या थोर पुरुषाचे जाणेयेणे आपल्या दारावरूनच झाले असणार. १९२९ साली सोव्हिएत रशियातील लेनिनग्राड येथेही ते गेले. कामगार आणि शेतकऱ्यांचे राज्य कसे असते, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

परतले तो मिठाचा सत्याग्रह सुरू झालेला. वय ५३ वर्षांचे, प्रकृती बेताची. आपण अभ्यासक आहोत, आपले काम ग्रंथांचे, असे म्हणून बाजूला राहता आले असते. कोसंबी सत्याग्रहात उतरले आणि १९३० साली त्यांनी तुरुंगवास भोगला. श्वासाकडे पाहत बसणारा माणूस जगाकडे डोळेझाक करतो, हा समज त्यांनी आपल्या वागण्याने खोटा ठरवला. पुढे मुंबईत परळच्या गिरणगावात कामगार आणि दलित बांधवांसाठी त्यांनी बहुजन विहार उभा केला. विद्वानांच्या वस्तीत न राहता ते चाळींच्या वस्तीत राहायला गेले, हे आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावातील वाचकांना विशेष वाटेल.

'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ अनेक भारतीय भाषांत गेला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कोसंबींनी जुने पाली ग्रंथ तपासून वेगळे मत मांडले. शाक्य आणि कोलिय हे शेजारी आपसांत भांडत, शस्त्रे उचलत. हे शस्त्रधारण पाहून सिद्धार्थाचे मन विटले आणि त्याने घर सोडले, असे त्यांनी लिहिले. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून रोहिणी नदी वाहत होती आणि तिच्या पाण्यावरून त्यांच्यात तंटे होत, असे जुन्या कथा सांगतात. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्या आपल्याला नदीच्या पाण्याचे मोल सांगायला नको.

शेवटचे दिवस

शेवटच्या वर्षांत आजार बळावले. जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या शिकवणीचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. आपले शरीर आता कोणाच्या उपयोगी राहिले नाही, इतरांवर भार होऊ नये, असे मानून त्यांनी १९४६ साली अन्नत्याग आरंभला. गांधीजींनी समजूत घातल्यावर तो सोडला. पुढे ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात राहिले. तिथे त्यांनी पुन्हा अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. आदल्याच दिवशी देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. चहूकडे दंगलींच्या बातम्या होत्या. त्या धामधुमीतही गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत या अबोल पंडिताची आठवण काढली.

मुलांनो, हा भाग वाचताना एक गोष्ट नीट समजून घ्या. सत्तरी गाठलेल्या, दीर्घ आजारी साधकाचा तो निर्णय होता आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही त्यांना आधी परावृत्तच केले होते. आपण त्यांच्याकडून घ्यायचे ते त्यांचे जगणे. मन जड झाले, सारे नकोसे वाटू लागले, तर गप्प राहू नका. आईवडिलांना सांगा, शिक्षकांना सांगा. आणि पालकांनो, मूल सांगायला आले तर हातातले काम बाजूला ठेवून आधी ऐका. सल्ला नंतर देता येतो.

आपण काय घ्यावे

कोसंबी गेल्यानंतर नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा बुद्धाची मराठीतून ओळख करून देणारी कोसंबींची पुस्तके उपलब्ध होती. आपण लावलेले झाड कोणाला सावली देईल, हे लावणाऱ्याला ठाऊक नसते.

हे चरित्र लिहिताना आम्हाला त्यांच्या विद्वत्तेपेक्षा एक गोष्ट जास्त भावली. तरुण धर्मा बेचैन होता आणि घर सोडून पळाला. प्रौढ धर्मानंद अपमान, आजार, गरिबी, तुरुंग यांच्यापुढे उभे राहिले. हा बदल एका दिवसात झाला नाही. रोज थोडे बसणे, भटकलेले मन परत आणणे आणि उठून समोरच्या कामाला लागणे, यातून तो झाला.

आमची एक साधी विनंती आहे. रोज रात्री घरातल्या सर्वांनी, दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद करून, पाच मिनिटे एकत्र शांत बसावे. कोणत्याही धर्माचे घर असो, श्वास सर्वांचा सारखाच आहे. त्यानंतर दिवसभरात काय घडले ते एकमेकांना सांगावे. मुलांनी घरी आजीआजोबांना विचारावे की त्यांच्यावर कठीण प्रसंग आला तेव्हा त्यांनी मन कसे सावरले. ती हकिकत पानभर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावी. निवडक हकिकती पुढील अंकात छापण्याचा आमचा विचार आहे.

आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. शाळेच्या वाचनालयात 'निवेदन' आणि 'भगवान बुद्ध' या दोन पुस्तकांच्या काही प्रती असाव्यात. एका मासिकातील एका लेखाने काय घडू शकते, ते आपण वर वाचलेच आहे. कोणते पुस्तक कोणत्या मुलाच्या हाती कधी पडेल, हे सांगता येत नाही.

— संपादक मंडळ